कानात घुमतं म्हणजे

राजुऱ्याच्या बाजारात हाफिजभाईंचं ढोल-ढोलक मढवायचं दुकान. उजवा कान लहानपणीच्या दुखण्यात गेलेला, सगळा धंदा डाव्या कानावर. कातडं ताणायचं, दोरी ओढायची, एक थाप मारायची आणि ऐकत राहायचं. "वाजते त सारंच," ते गिऱ्हाइकाला म्हणत, "घुमलं पायजे. थाप पडल्यावर आवाज आतल्या आत फिरला पायजे."

गणपतीच्या तोंडावर, ऐन कामाच्या घाईत, एका सकाळी त्यांच्या डाव्या कानात घूं घूं सुरू झालं. ते थांबेना, आणि त्यापलीकडचा बाजाराचा गलका बुडत चालला. बायको कनीज त्यांना गावातल्या नव्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण, उत्तरेकडचा, मनाने चांगला. त्याला मराठी येत नव्हती. हाफिजभाई कानाला, मग डोक्याला हात लावून म्हणाले, "अंदर घूमता है साब. दिनभर घूमता."

डॉक्टरने चक्कर समजून गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की हाफिजभाईंना नुसती झोप येई. कनीज धीर देई, "दवा लागू पडायले वेळ लागते." गणपती बसले, उठले. तोवर तिला प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागत होती.

शेवटी नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि विचारलं, "कानात आवाज घुमायला लागला, तेव्हाच का नाही दाखवलंत?"

"दाखवलं ना बाई," कनीज म्हणाली. "घुमते म्हणूनच सांगतलं होतं."

बाईंनी पहिल्या डॉक्टरची चिठ्ठी पाहिली. तिच्यावर चक्करीच्या गोळ्या लिहिल्या होत्या. तेव्हाच औषध मिळालं असतं तर कदाचित ऐकू आलं असतं, आता आशा धरू नका, असं त्यांनी कनीजला हळू आवाजात सांगितलं. हळू बोलायची गरज नव्हती.

मुलगी फरहा चंद्रपूरला मराठी घेऊन बीए करते. ती घरी आल्यावर कनीज म्हणाली, "असा कसा शब्द आहे व हा?"

फरहाला कॉलेजात शिकवलं होतं तेवढं तिने सांगितलं. प्राकृतात 'घुम्म' म्हणजे गरगर फिरणं. हिंदीने फिरणं ठेवलं. मराठीत आवाजच फिरायला लागला: पारवे घुमतात, विहिरीत हाक घुमते. अंगात आलेला माणूस घुमतो, तेव्हा तो डोलतोही आणि हुंकारतोही. कोणी म्हणतात, शब्द मुळात घूं या आवाजावरूनच आला.

"मले काऊन सांगून राह्यली? त्याइले सांग," कनीज रडत म्हणाली. "त्याइले वाटते, आपूनच डॉक्टरपाशी चुकीचं बोललो."

फरहा दुकानात गेली आणि बापाच्या कानाला तोंड लावून ओरडली, "अब्बा, तुमी बराबरच बोल्ले होते!" पुन्हा ओरडली. शेजारचे दुकानदार बाहेर आले.

हाफिजभाई तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हो बेटा, जेवलो."