शेजारणीच्या हातावरचा पट्टा

गेल्या वर्षी माझ्या छातीत दुखल्याचं निमित्त झालं आणि पुण्याला असलेल्या मुलानं माझ्या मनगटावर काळा पट्टा बांधला. माझ्या हृदयाचे ठोके त्यातून थेट त्याच्या मोबाइलवर जातात. आधी तो दर रविवारी फोन करून ‘आई, बरी आहेस ना?’ विचारायचा. आता विचारायची गरजच उरली नाही. याला म्हणे सुधारणा म्हणतात.

आष्टीकडची आमची गावं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. घरोघरी कुलपं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि माझ्यासारखी एखादी निवृत्त मास्तरीण. शेजारणीचे दोन्ही मुलगे बायकापोरांसह कोल्हापूरकडे गेलेले. सकाळची कामं उरकली की ती माझ्या ओट्यावर येऊन बसायची. आम्हा उरलेल्यांत तुझं-माझं फारसं नसतं. माझा चष्मा चार घरं फिरून येतो, गुडघ्याचं मलम तर परत येतच नाही. त्यामुळे एक दिवस ती म्हणाली, “बाई, ते मला बी घाला की. बघू कसं दिसतंय,” तेव्हा मी पट्टा सोडून तिच्या हातावर बांधला. बांगड्यांच्या वर तो तिला इतका आवडला, की तासभर तिनं काढलाच नाही.

पट्टा परत देऊन ती घरी गेली आणि फोन वाजला.

“आई, तुझे ठोके बिघडलेत. पडून राहा. मी निघालोच.”

‘अरे, तो हात माझा नव्हता,’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, “ये.”

मला कळत नव्हतं असं नाही. बिघडलेले ठोके कुणाचे, ते मला पक्कं ठाऊक होतं. पण वर्षभरात तो आला नव्हता. मी भाकरी थापली, त्याच्या आवडीची शेंगदाण्याची आमटी केली. मधे एकदा भिंतीवरून शेजारणीला हाक मारली. ती म्हणाली, “काई न्हाई, जरा दम लागलाय.” मी पुन्हा चुलीपाशी आले. याची मला आजही लाज वाटते.

दुपार कलता तो आला. माझा हात हातात घेऊन कितीतरी वेळ बसला. लहानपणानंतर असा बसला नव्हता. त्याची अर्धी भाकरी झाल्यावर मला राहवेना. मी सगळं सांगितलं. तो तसाच उष्ट्या हातानं उठला.

शेजारीण उंबऱ्याला टेकून धापा टाकत होती. आम्ही तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.  दुसऱ्या दिवशी निघताना मुलानं पट्टा माझ्या हातावर घट्ट बांधला आणि म्हणाला, “आता कुणाला देऊ नकोस.”

आठवड्यानं शेजारीण दवाखान्यातून घरी आली. मी भीतभीत गेले, चूक कबूल केली. वाटलं, शिव्या देईल. तिनं माझ्या मनगटावरच्या पट्ट्याला हात लावला.

“जाऊ द्या, बाई,” ती म्हणाली. “माजं काळीज बिघडलं, तर तुमचा लेक आला. माजे येत्याल का वो?”

मी तिथूनच तिच्या थोरल्याला फोन लावला. बराच वेळ वाजला, उचलला नाही. तो उसाच्या फडात असावा.