मोती चारलेल्या कोंबड्या

समुद्र मी पाहिला नव्हता, पण आमच्या खर्ड्याकडच्या मुलखात समुद्राचा जाणकार मीच. एकदा बैल घेऊन घरातून निघालो आणि आठ दिवसांनी उगवलो, एवढ्या भांडवलावर मी मुंबईच्या पाण्यात गळ्याइतका उभा राहिलो होतो आणि देवमाशाच्या पाठीवर काडी ओढून विडी पेटवली होती. ऐकणारे 'व्हय का!' म्हणायचे आणि पुढच्या खेपेला मासा चार हात लांब व्हायचा. ही गोष्ट मात्र बाहत्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या सालची आहे आणि हिच्यात मी काही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच उरली नाही.

आमच्याकडं दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊस तोडायला प्रवरेच्या काठी जायची. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दादा-वहिनीचा कोयता तीन सालं कोल्हारच्या बाजूला जात होता. वहिनीचं पहिलं लेकरू तिथंच, पाचटानं शाकारलेल्या कोपीत झालं आणि आठव्या दिवशी तिथंच गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. सरकारी योजनेतून तिनं तीस पांढऱ्या कोंबड्या आणल्या आणि दादाला बजावलं, "दिवाळीपतुर ह्या अंड्यावर आल्या तर औंदा मी कोयता धरणार न्हाई. हे लेकरू घरात हुईल."

कोंबड्यांच्या खाद्यात घालायला पोत्यातून मासळीची भुकटी यायची. मुंबईकडच्या समुद्रावरची बारीक मासळी वाळवून दळलेली. पहिलं पोतं उघडलं तेव्हा पाच कोसांवरची मांजरं आमच्या अंगणात मुक्कामाला आली. (मांजरांचं थोडं वाढवलं. बाकीचं नाही.) वहिनी ती भुकटी चाळून मक्याच्या भरड्यात मिसळायची. एक दिवस चाळणीत पांढुरके, गोल, साबुदाण्याएवढे मणी उरले. दाताखाली फुटेनात.

"माशाचं डोळं आसतील," दादा म्हणाला. पण सगळे बघायला लागले माझ्याकडं.

"डोळं?" मी म्हणालो. "आरं, मोती हाईत हे. कच्चे मोती. शिंपल्यात पिकायच्या आधी माशानं गिळलेले. मुंबईला वंजळीनं बघितलेत म्या."

वहिनीनं एक मणी उन्हात धरला. "मोती एवढं हलकं आस्त्यात व्हय, भावजी?"

"कच्चं म्हनलं ना! पिकल्यावर जड हुत्यात."

ती हसली आणि मणी एका पत्र्याच्या डब्यात टाकून मोकळी झाली. रोज चाळायची, रोज डब्यात टाकायची. मला मात्र चैन पडेना. वैद्य लोक राजेरजवाड्यांना मोत्याचं भस्म देतात हे मी ऐकून होतो. भस्मानं माणूस तरारतो, तर अख्ख्या मोत्यानं कोंबडी काय करील? दिवाळीआधी अंड्यांची घाई वहिनीइतकीच मलाही झाली होती. ती पाण्याला गेली की मी डब्यातली मूठ काढायचो आणि खाद्यात कालवायचो. ती चाळून काढायची, मी परत घालायचो. कोंबड्या तर दाणा सोडून आधी तेच मणी टिपायच्या. मला वाटलं, चव लागली.

मग त्यांनी दाणा सोडला. दिवसभर डोळे मिटून, पिसं फुगवून बसायच्या. उचलावी तर छातीचं हाड हाताला लागायचं. सकाळी उठून आधी खुराड्याशी जायचो. तीस. अठ्ठावीस. चोवीस. बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की कुठं जावं कळायचं नाही. पारावर लोक विचारायचे, "काय मोतीवालं, अंडं नथीसकट येनार का रं?" एरवी मी त्यावर तासभर बोललो असतो. आता मी वाट बदलून खुराड्याकडं वळायचो.

एकोणीस उरल्या तेव्हा वहिनीनं मेलेली एक कोंबडी चिरली. कोंबडी खडे ठेवून दाणा दळते ती पोटातली पिशवी मण्यांनी ठासून भरलेली. दाण्याला जागाच नाही.

"मी तर चाळून घालती," वहिनी म्हणाली. "मग ह्यांच्या पोटात आलं कुठनं?"

मी उठलो. दोन मणी मुठीत घेतले आणि तडक खर्ड्याच्या सोनाराकडं गेलो. त्यानं एक चिमट्यात धरला आणि ज्योतीवर नेला. मणी वाकला, मेणासारखा ठिबकला, काळा धूर सुटला.

"हा मोती न्हाई गड्या. पलास्टिक हाय. आमच्या म्हातारीची फनी चुलीत पडली, तवा आसाच वास सुटला हुता."

"पण समुद्रातनं आलाय!"

"मग समुद्रात कुनीतरी फनी टाकली आसंल."

परतीच्या वाटेवर मी सात थापा रचल्या. रोगाची साथ, शेजारणीची नजर, व्यापाऱ्याची भेसळ. व्यापाऱ्याची तर अशी जमली की माझेच डोळे भरून आले. पण घरी वहिनी खुराड्यासमोर बसली होती. एक कोंबडी मांडीवर घेऊन तिची चोच उघडून बोटानं पाणी सोडत होती. पोटामुळं तिला नीट वाकताही येत नव्हतं.

"वहिनी," मी म्हणालो, "तुमी चाळत हुता. मी परत घालत हुतो."

तिनं मांडीवरची कोंबडी खाली ठेवली. मग म्हणाली, "समुद्र बघितलाय का तुमी, भावजी?"

"न्हाई."

"मुंबई?"

"घोडेगावच्या बैलबाजारापुढं गेलो न्हाई."

"बरं. आता खरं बोलायला लागलाय, तर आनखी एक सांगा. दिवाळीला कोयता कोन धरनार?"

दिवाळीपर्यंत अकरा कोंबड्या राहिल्या. अंडं एकीचंही नाही. मुकादम आला आणि दादाशेजारी मला बघून म्हणाला, "जोडी नवराबायकोची लागती." दादा म्हणाला, "औंदा हीच बायको. मिशांकडं बघू नगा." सगळा फड त्या हंगामात मला 'वहिनी' म्हणत होता. डोक्यावर मोळी असल्यावर माणसाला उत्तर देता येत नाही.

निघताना खऱ्या वहिनीनं तो डबा माझ्या हातात दिला होता. मेलेल्या कोंबड्यांच्या पोटातले मणीही तिनं धुऊन त्यातच टाकले होते. "माझ्या घरात नगं. लांब कुटं तरी टाका." कोल्हारच्या पुलावर ट्रक थांबला तेव्हा मी डबा प्रवरेत उपडा केला. मणी बुडाले नाहीत. उन्हात चमकत पुलाच्या खांबाला वळसा घालून निघून गेले. खोटं कशाला सांगू, मला फार हलकं वाटलं.

हंगाम संपता संपता निरोप आला. मुलगी झाली, घरात झाली, दोघी ठीक.

पुढं कितीतरी वर्षांनी वर्तमानपत्रात वाचलं. प्लास्टिकच्या वस्तू ज्यांपासून ओततात ते दाणे समुद्रात जातात. मासे ते अंडी समजून गिळतात, त्या माशांना मोठे मासे गिळतात, आणि ते दाणे काही कुजत नाहीत. मी नातवाच्या पुस्तकातला नकाशा काढला. प्रवरा गोदावरीला मिळते, गोदावरी पूर्वेच्या समुद्राला. म्हणजे पश्चिमेच्या समुद्रातून आलेला डबा मी पूर्वेच्या समुद्राला पोचता केला, दोन्ही समुद्र न बघता. एवढी मोठी थाप मला कधी रचता आली नसती.

त्या मुलीला आता नातवंडं आहेत. तिच्याकडं गेलो की ती भाकरीवर सुकट वाढते. मी आधी ती बोटानं पसरतो, एकेक कण बाजूला करतो. आईनं तिला सगळं सांगून ठेवलेलं आहे.

"काका, जेवा की," ती म्हणते. "न्हाईत त्यात मोती. मी चाळलीय."

मी तरी बघतोच.