मनगटावरची पट्टी

गोल्फ म्हटलं की मला हिरवळ आठवत नाही, शहागड फाट्यामागचं पडीक रान आठवतं. मी सकाळी बसची वाट बघत थांबायचो तेव्हा ती तिथं असायची. चाळिशीची बाई, साडीखाली पांढरे बूट, हातात गोल्फची एकच जुनी काठी. नाव मला आजही माहीत नाही. डाव्या हातातल्या घड्याळाच्या पट्ट्याखाली तिनं लाकडी फूटपट्टी खोचलेली असायची. काठी मागं नेताना मनगट वाकलं की पट्टी टोचायची. वाकलेल्या मनगटानं मारलं की काठीचं तोंड तिरकं व्हायचं आणि चेंडू उजवीकडच्या कपाशीत जायचा. ती तो शोधून आणायची आणि पुन्हा उभी राहायची.

एकदा कपाशीचा मालक चेंडू घेऊन बांधावर आला.

"बाई, हे मोठ्या लोकांचे खेळ. आपल्याकडं शोभत न्हाई. बंद करा."

फाट्यावरचे सगळे हसले. तिनं हात पुढं केला.

"चेंडू द्या. तुमच्या रानात पडला ही माझ्या मनगटाची चूक, ती मी दुरुस्त करून राह्यले. शोभतं का न्हाई, हे तुम्हाला कुणी विचारलं?"

त्यानं चेंडू टाकला, पण बांधावरून हटला नाही.

"बराबर आहे," ती म्हणाली. "तिथंच उभे राहा. आता तुमच्याकडं येणार न्हाई."

तिनं पट्टी काढून कमरेला खोचली आणि काठी फिरवली. समोरच्या बाभळीच्या बुंध्यावर ठक्कन आवाज झाला.

त्या दिवशी कपाशीत चेंडू पडला नाही. घाबरून उडी मारलेला मालकच पडला होता.