पाहुण्याची मुंडी

पडद्यावर माझ्या हातची मुंडी होती.

जिताडा माशाची मुंडी. लाल रश्श्यात, डोळ्यासकट. वाशीच्या हॉटेलातला गारेगार हॉल, खुर्च्यांना पांढरी कापडं, आणि समोर भिंतीएवढी माझी मुंडी. खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. बाजूला एकच तारा. मी चौथी शिकलेली. एक तारा मोजता येतो.

मोबाईलवरून मागवलेलं जेवण घरपोच करणाऱ्या कंपनीने आम्हा खानावळवाल्यांना बोलावलं होतं. धंदा कसा वाढवायचा ते शिकवायला. शिकवणारा केतन. गळ्यात पट्टा, पायात पांढरे बूट. त्याने ते इंग्रजी वाचलं आणि मराठीत सांगितलं, "कस्टमर म्हणतो, मी फिश करी मागवली, यांनी कचरा पाठवला."

हॉल हसला. माझ्या पुढे बसलेला मोमोवाला खुर्ची हलेपर्यंत हसला.

"कोणाचं किचन आहे ते सांगणार नाही," केतन म्हणाला. आणि माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

ती मुंडी मी का घातली ते सांगते.

करंजाड्याला लागून आमचं आगऱ्यांचं गाव. शेती कधीच गेली, तिथे इमारती आल्या. रस्त्याच्या कडेला माझी खानावळ. चार बाकं होती. न्हावा शेव्याकडे जाणारे कंटेनरचे ड्रायव्हर, इमारतींवरचे मिस्त्री बसून जेवायचे. कालवण परत मागायचे. आवडलं नाही तर तोंडावर सांगायचे, "मावशी, आज खारट." मी म्हणायची, "मग पानी पी."

दोन वर्षांपूर्वी केतन आला. म्हणाला, "मावशी, बाकं काढा. बसणारा माणूस जागा खातो. तिथे पार्सलची मांडणी लावा. आता गिऱ्हाईक मोबाईलमध्ये आहे." माझा मुलगा बंदरात कामाला. सून रोहिणी माझ्याबरोबर स्वयंपाकाला. दोघांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. बाकं मागच्या पडवीत उभी केली. ड्रायव्हर चार दिवस दारात उभे राहून बघत होते. मग पुढच्या ढाब्यावर जायला लागले.

केतनचं गणित सोपं. जुनं गिऱ्हाईक कुठे जात नाही, नवीन पकडायचं. मशीनमधून ऑर्डरची चिठ्ठी निघते, तिच्यावर नवीन माणसाच्या नावापुढे फूल छापलेलं असतं. "फूल दिसलं की काहीतरी खास घाला, मावशी. तुमच्याकडचं बेस्ट. तो परत आला पाहिजे."

माझ्याकडचं बेस्ट काय? आमच्यात जिताडा शिजला तर त्याची मुंडी घरचं माणूस खात नाही. पाहुण्याला देतात. जावयाला देतात. लग्नानंतर माझा बाप पहिल्यांदा आमच्याकडे आला, तेव्हा सासऱ्याने त्याच्या ताटात मुंडी वाढली. बाप निवांत जेवला. पोरगी बऱ्या घरात पडली, एवढं त्याला त्या ताटात दिसलं. मी स्वतः सगळ्या आयुष्यात मुंडी दोनदा खाल्ली. दोन्ही वेळा माहेरी, पाहुणी म्हणून गेले तेव्हा.

त्या दिवशी जिताडा होता. चिठ्ठीवर फूल आलं. मी मुंडी घातली. रोहिणीने झाकण नीट लावलं, कालवण सांडू नये म्हणून.

आणि आता ती भिंतीवर होती. कचरा म्हणून.

केतन माझ्याजवळ आला. माईक पुढे धरला. "मावशी, एकदा सॉरी बोला. प्रॅक्टिस. कस्टमर रागावला तर काय बोलायचं, ते सगळ्यांना कळेल. टाळ्या वाजवू तुमच्यासाठी."

मी म्हटलं, "मुंडी कचरा नाय. पावन्याला देतात ती. तुमीच बोललात, खास घाला."

"मावशी, खास म्हणजे गुलाबजाम!"

परत हसले. या वेळी जास्त. रोहिणी माझ्या शेजारी मान खाली घालून बसलेली.

"बोला ना. सॉरी. एकच शब्द आहे."

मनात खूप होतं. बाप होता, सासरा होता. पण दोनच शब्द आले.

"नाय बोलनार."

केतनने माईक काढून घेतला. "ओके, मावशी रागावल्या. नेक्स्ट." पडद्यावर कोणाची तरी बिर्याणी आली. टाळ्या तिला मिळाल्या.

परतताना बसमध्ये मी रोहिणीला विचारलं, "त्या एक तारावाल्या मानसाला आपुन काय लिवलं?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, ते आपोआप जातं. कंपनीनं बटन दिलंय."

"काय जातं? वाच."

तिने मोबाईल काढला. वाचलं. "आमच्याकडून चूक झाली. आम्हाला माफ करा. पुन्हा असे होणार नाही." खाली खानावळीचं नाव. माझंच नाव आहे ते. मग तिने मागचे वाचले. चपाती गार पोचली, माफ करा. पोचवणारा उशिरा आला, माफ करा. बांगड्यात काटे निघाले, माफ करा. बांगड्यात काटे निघाले म्हणून मी माफी मागितली होती. दोन वर्षं मागत होते आणि मला माहीत नव्हतं.

हॉलमध्ये मी मोठ्या तोऱ्यात 'नाही' म्हणून आले होते. माझ्या नावाने 'हो' कधीच जाऊन बसलं होतं.

"बंद कर ते बटन."

"आई, बंद केलं तर आपण खाली जाऊ."

"खाली कुठं?"

"मोबाईलमध्ये खाली. मानसं तितपर्यंत बघत नाय. कोनाला दिसनारच नाय आपण."

"वर होतो तवा मी कोनाला दिसले?"

रोहिणीने बटण बंद केलं. घर मोबाईलच्या ऑर्डरवर चालतं, तिलाही कळतं.

आणि ती म्हणाली तसंच झालं. आठवड्याभरात मशीन वाजायचं कमी झालं. मग दुपार दुपार गप्प. केतनचा फोन आला, "मावशी, मुंडी काढा, काटा काढा, सॉरी चालू करा. मी वर घेतो." मी ऐकून घेतलं. फोन ठेवला. दुसरं काही करता येत नाही मला. त्या मोबाईलच्या आत हात घालता येत नाही. पडवीतून बाकं आणून परत मांडली. त्यांना वाळवी लागली होती, एकाचा पाय निखळला. तीन लागली. ड्रायव्हर थांबत नाहीत. ढाब्याची सवय झाली त्यांना. खानावळ राहील का, माहीत नाही. मुलगा म्हणतो, एवढ्याशा शब्दासाठी एवढं कशाला? त्याच्या सासरी त्याला मुंडी मिळते, त्याने विचार करावा.

आज बाराला मशीन वाजलं. एक चिठ्ठी. नावापुढे फूल.

जिताडा होता.

रोहिणी माझ्याकडे बघत होती. मी मुंडी डब्यात घातली, वर कालवण ओतलं, झाकण दाबलं. मग रोहिणीकडून पेन मागितलं. चौथीनंतर सह्याच केल्या आहेत, अक्षर मोठं येतं, वाकडं येतं. चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं आणि डब्याला चिकटवलं.

ही मुंडी आहे. आमच्यात पाहुण्याला देतात. माफी मागणार नाही.