भिंतीला कान लावणारे भागीदार

वरच्या मजल्यावरच्या पंपकाकांचं बाहेर काहीतरी आहे, अशी कुणकुण आमच्या बिल्डिंगला लागली होती. सत्तरी ओलांडलेला माणूस दर आठवड्याला इस्त्रीचा शर्ट चढवतो, केस चापूनचोपून बसवतो, बस पकडतो आणि गालातल्या गालात हसत परततो! ही बातमी मी पिकवली नाही. मी फक्त ती जिन्याखाली गार होऊ दिली नाही.

शेवटी एकदा मीही त्याच बसमध्ये चढले. योगायोगानं, असंच समजा. काका उतरले ते थेट पंपाच्या कारखान्यामागे. आणि भिंतीला कान लावून उभे राहिले.

"काय ऐकता काका?"

दचकले, पण लाजले नाहीत. "लाभांश!"

याच कारखान्यात काकांनी जन्मभर पंप तपासले. आवाजावरून पंपाचं दुखणं सांगत. निवृत्त झाले तेव्हा हाती आलेले सगळे पैसे याच कंपनीच्या शेअरमध्ये घातले. बँकेचं व्याज पुरेना, आणि या कंपनीनं लाभांश कधी चुकवलेला नव्हता. काकूंची उजवी बाजू लुळी पडलेली. त्यांना उठवायला, अंघोळ घालायला, वेणी घालायला रोज एक मावशी येत. त्यांचा पगार त्या लाभांशातून निघे.

"शेअरचा भाव काय झालाय, बघता का?" मी विचारलं.

"भाव व्यापारी बघतो. मी भागीदार आहे, बाईसाहेब. पंप घुमताहेत ना? मग पैसे येणार."

यंदा पंप असे घुमले की काकांनी आनंदाच्या भरात मावशींचा पगारच वाढवला. आणि मग फोनवर निरोप आला: लाभांश नाही. नफा भरपूर, पण सगळा नव्या कारखान्यात घालणार. पुढची काही वर्षं हेच. लाभांशासाठी शेअर धरून बसलेल्यांनी ते धडाधड विकले आणि भाव निम्म्यावर आला.

काका कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथल्या मुलीनं खुर्ची दिली, चहा दिला. "काका, कंपनी वाढतेय. तुम्हीसुद्धा मालकच आहात की!"

मालक चहा पिऊन घरी आले.

मावशींनी काही दिवस उधारीवर काढले. पण त्यांनाही घर होतं. जाताना काकूंना काखेत हात घालून कसं उचलायचं ते दाखवलं आणि पदर डोळ्यांना लावत जिना उतरल्या. मी दारातच होते. चेष्टा सुचली नाही.

काल साखर मागायच्या निमित्तानं वर गेले. काका काकूंच्या वेणीशी झटत होते. तीन पेड घ्यायचे, हाती दोनच लागत. शर्ट अंघोळीच्या पाण्यानं चिंब.

"अहो, हळू," काकू अर्ध्या ओठांनी म्हणाल्या, "पंपाचा पट्टा आहे का तो?"

काका हसले.

मला राहवेना. "काका, विकून टाका ना ते शेअर! मिळेल ते घ्या, मावशींना परत बोलवा."

काकांनी वेणी सोडली, पुन्हा पहिल्यापासून पेड घेतले आणि मान वर न करता म्हणाले, "विकले तर त्या पैशांत मावशी चार-पाच वर्षं येतील. त्यानंतर तुम्ही येणार आहात का वेणी घालायला?"