टपालवाल्या तात्यांचा अभिप्राय

टपालवाले तात्या वाचताना ओठसुद्धा हलवत नसत. शिरोड्याच्या वाचनालयात रोज सकाळी यायचे, आमचं हस्तलिखित मासिक पहिल्या पानापासून वाचायचे, मिटून टेबलाच्या कडेला सरळ लावायचे आणि जायचे. मासिकाच्या शेवटी अभिप्रायासाठी कोरी पानं शिवलेली असत. तिथे पोचले की ते पेन उचलतील म्हणून मी श्वास रोखून बसे. ऐंशीच्या दशकात मी त्या मासिकाची संपादक होते, आणि निम्मे लेखही माझेच असत.

त्या पानांवर लिहिणारे हळूहळू संपले. वाचनालयाच्या कार्यकारिणीतले आबा ऐकवत, "गो बाय, लिवतंस तूच, वाचतंस पण तूच." पुढच्या बैठकीपर्यंत अभिप्राय आले नाहीत तर मासिक बंद, असं ठरलं. जितके अभिप्राय तितके वाचक, हा त्यांचा हिशोब. मला जेवण जाईना. शेवटी तात्यांना गाठलं आणि एक ओळ तरी लिहा म्हणून विनवलं. वाईट लिहिलंत तरी चालेल, म्हटलं.

खाली बघत ते म्हणाले, "वाचणाऱ्यान आपलो शब्द घालूचो नाय."

मग अडखळत सांगितलं. पोस्टमन असताना ते घरोघरी पत्रं वाचून दाखवत. मुंबईतला मुलगा आजारी असल्याचं पत्र एका आईला वाचून दाखवताना त्यांना तिचा चेहरा बघवला नाही. तो बरा होईल, जायची गरज नाही, असं त्यांनी पदरचं सांगितलं. ती गेली नाही. मुलगा राहिला नाही. तेव्हापासून वाचलेल्यावर ते गावात कुणाशी काही बोलत नसत.

मला पुढे आग्रह करवेना. मासिक बंद झालं. नंतर तात्या आले, रिकाम्या टेबलाशी जरा उभे राहिले आणि वर्तमानपत्रही न उघडता परतले. हे आपल्यामुळे झालं असं तर त्यांना वाटत नसेल ना, ही धास्ती मला लागून राहिली. विचारायचा धीर झाला नाही.

इंटरनेटवर नुसतं वाचणाऱ्या, कधीच काही न लिहिणाऱ्या माणसांना 'लर्कर' म्हणतात, असं परवा भाच्याने सांगितलं. म्हणजे दबा धरून बसलेला. मला तो शब्द लागला. तात्या कशावर दबा धरणार होते?

मासिक बंद झालं त्याच वर्षी तात्या वारले. मी घरी भेटायला गेले तर त्यांची बायको, माई, मला जवळ बसवून म्हणाली, "माका वाचूक येना नाय. ते घराक इले की तुझा लिवलेला सगळा माका सांगीत. कधी हसत. कधी म्हणत, ह्या पोरीन हय घायी केल्यान."

"आणखी काय म्हणत?" मी विचारलं.

माईने पदराने डोळे पुसले. "खूप काय काय म्हणत. आता खंय आठावता गो?"

ती आठवत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले.