पुठ्ठेकाकांचे दोन फटके

पुठ्ठेकाकांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. कुणाशी आवाज चढवून बोलले नाहीत. बायको म्हणायची, "यांना माशी हाकलायची तरी भीड पडते." अशा माणसाने शेजारच्या काचवाल्याचं खांद्याचं हाड मोडलं, यावर गल्लीचा आधी विश्वासच बसेना.

झालं असं. काचवाला सामायिक जिन्यात काचा लावून ठेवायचा. काकांनी तीनदा सांगितलं, शेवटी रीतसर तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो लोखंडी गज घेऊनच दुकानात शिरला. त्याचा पहिला फटका टेबलावर बसला, दुसरा काकांच्या कोपराला लागला. काकांच्या हाताशी पुस्तकाचा कणा ठोकायची लाकडी मोगरी होती. त्यांनी ती त्याच्या मनगटावर हाणली. गज खाली पडला. काचवाला वाकला, तसा काकांनी खांद्यावर आणखी एक ठेवून दिला.

पोलिसांनी दोघांवरही गुन्हा नोंदवला. काकांचा भाचा वकील होता. तो म्हणाला, "मामा, तो गज उचलायलाच वाकला होता, असं ठाम सांगायचं. बाकी मी बघतो."

खटला चालवायचा की नाही हे ठरवण्याआधी सरकारी वकीलबाई स्वतः दुकान बघायला आल्या. काकांच्या पाठीमागे भिंत, डावीकडे कागद कापायचं यंत्र, दार एकच, आणि त्या दिवशी त्यात काचवाला उभा होता. बाईंनी टेपने अंतर मोजलं. मग विचारलं, "गज पडल्यावर मारलंत. का?"

"तो वाकला."

"गज घ्यायला?"

भाचा खाकरला. काका बाईंकडेच बघत म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही, ताई. मनगट दुखलं म्हणूनही वाकला असेल. मला तेव्हा गजच दिसत होता."

भाच्याने कपाळाला हात लावला.

"आणि तिसऱ्यांदा का नाही मारलंत?" बाईंनी विचारलं.

"मोगरी उचलली होती. तो 'आई गं' म्हणाला. मग खाली ठेवली."

हे त्यांनी आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं.

बाईंनी लिहून घेतलं. उठताना म्हणाल्या, "जीव धोक्यात असताना माणूस मोजूनमापून मारत नाही, कायद्यालाही ते कळतं. पण धोका टळल्यावर मारलं, तर तो बचाव राहत नाही. तिसरा फटका पडला असता, तर मी तुम्हाला कोर्टात उभं केलं असतं."

महिन्याभरात काकांवरचा गुन्हा मागे घेतला गेला. काचवाल्यावरचा खटला चालू राहिला. गल्लीतली मंडळी काकांना 'वाघ' म्हणू लागली. काकांना ते अजिबात रुचलं नाही. "पुठ्ठेकाकाच म्हणा," ते सांगायचे.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या बाकावर काचवाला शेजारीच बसला होता, हात अजून गळ्यात.

"खांदा कसा आहे?" काकांनी विचारलं.

"थंडीत ठणकतो."

"माझं कोपरही," काका म्हणाले, आणि पुकारा झाला तसे साक्ष द्यायला आत गेले.